बटू दीर्घिका आणि समूहाचा इतिहास: साक्ष कुणाची धरायची?

उत्तररात्र:
गेला आठवडाभर एक खेळ चालू आहे, आधी तो सांगतो. गाइया उपग्रहाची माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. तिच्यातून शिल्पकार तारकासमूहातला अर्ध्या अंशाच्या त्रिज्येचा तुकडा उतरवून घेतला. नुसत्या डोळ्यांनी बघाल तर तिथे काही म्हणजे काही नाही. प्रत्येक तारा वर्षाला पूर्व-पश्चिम किती सरकतो आणि उत्तर-दक्षिण किती, एवढेच दोन आकडे घेऊन आलेखावर एकेक ठिपका मांडला. ठिपके चौफेर उधळले, आणि मधोमध शून्याला चिकटून एक गच्च गाठ उमटली. उधळलेले ठिपके आपल्याच आकाशगंगेतल्या जवळच्या ताऱ्यांचे. ती गाठ म्हणजे स्कल्प्टर बटू दीर्घिका (बटू म्हणजे थोड्या ताऱ्यांची लहान दीर्घिका). अंतर सुमारे २ लाख ८० हजार प्रकाशवर्षं. इतक्या लांबच्या ताऱ्यांचं सरकणं जेमतेम मोजता येतं, पण सगळे एकाच दिशेने सारखेच सरकतात म्हणून गाठ बसते.

१९३८ साली हार्लो शॅपलीने ही दीर्घिका फोटोच्या काचांवर शोधली, त्याच वर्षी फॉरनॅक्स ही दुसरी बटूही. तोवर दीर्घिका म्हटलं की देवयानीसारखं भरदार चक्र डोळ्यांसमोर यायचं. हा नुसताच विरळ डाग. वायू नाही, नवे तारे नाहीत, मध्यभागी फुगवटा नाही.

आता मुद्दा. आपल्या स्थानिक समूहात (आकाशगंगा आणि तिच्या शेजारच्या दीर्घिकांचा गट) मोठ्या दीर्घिका तीनच: आकाशगंगा, देवयानी आणि त्रिकोणातली एम ३३. बाकीच्या शंभरेक सगळ्या बटू किंवा त्याच्या आसपासच्या. समूहाचा इतिहास सांगताना आपण मोठ्यांच्या टकरींबद्दल बोलतो. माझं म्हणणं असं की मोठ्या दीर्घिका वाईट साक्षीदार आहेत. त्यांनी जे गिळलं ते पचवून टाकलेलं असतं. काय, कधी, कुठून आलं हे बटूंना विचारावं.

साधी गोष्ट बघा. आकाशगंगेपासून सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आत जेवढ्या बटू आहेत, त्यांत मॅगेलनचे दोन मेघ सोडले तर मोजण्याजोगा हायड्रोजन कुणाकडेच नाही. लिओ-टी ही चिमुकली दीर्घिका साडेतेरा लाख प्रकाशवर्षांवर आहे, आणि तिच्याकडे वायू आहे! लिओ-टी अगदीच किरकोळ, तरी वायू राखून आहे. फॉरनॅक्स तिच्या कितीतरी पट मोठी, पण कोरडी. म्हणजे फरक आकाराचा नाही, शेजाराचा आहे.

नवखी:
धागा आवडला. एक बाळबोध शंका. वायू गेला कुठे? आकाशगंगेने ओढून घेतला का?

शून्यमास्तर:
बाळबोध नाही, मूळ प्रश्न हाच आहे.

आकाशगंगेच्या तबकडीभोवती दहा लाख अंशांच्या घरातल्या तापमानाच्या वायूचं भलंमोठं आवरण आहे. ते विरळ किती, तर दीड लाख प्रकाशवर्षांवर दहा लिटरच्या बादलीत एखादा कण सापडेल. आता वारा पडलेला असतानाही आपण वेगाने निघालो की अंगावर वारा येतो, तसंच बटू दीर्घिका या आवरणातून सेकंदाला दोनतीनशे किलोमीटर वेगाने जाते तेव्हा तिच्या वायूवर समोरून दाब येतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तारे म्हणजे गोट्या, त्यांना या वाऱ्याचं काही वाटत नाही. वायू मात्र मागे उडून जातो. गन आणि गॉट यांनी १९७२ साली हे गणित मांडलं, ते मोठ्या दीर्घिकागुच्छांसाठी. बटूंना तर ते जास्तच लागू पडतं, कारण बटूची स्वतःची पकड ढिली. तिच्यातून निसटायला सेकंदाला काही दशक किलोमीटर वेग पुरतो. त्यात आतल्या अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी वायू आधीच फुगवून ठेवलेला असला की काम आणखी सोपं.

तेव्हा 'ओढून घेतला' यापेक्षा 'उडवून लावला' म्हणा.

नवखी:
बादलीत एक कण, आणि त्याचा वारा?

शून्यमास्तर:
हो. बटूचा वायूही काही दाट नसतो, आणि घाई कुणालाच नाही. फेरी कोट्यवधी वर्षांची असते. सेकंदाला दहा किलोमीटरच्या जागी अडीचशे धरून वर्ग करून बघा. सव्वासहाशे पट.

दुर्बीणवाला:
उत्तररात्र, लेखन झकास, पण 'फरक शेजाराचा' हे जरा जास्त ठाम झालं. सीटस आणि टुकाना या दोन बटू घ्या. दोन्ही मोठ्यांपासून दूर, एकट्या, आणि दोन्ही कोरड्या. त्यांचा वायू कुणी उडवला?

(मी मुळात डोळ्याने बघणारा माणूस. एम ३१ च्या, म्हणजे देवयानीच्या, शेजारी एम ३२ आणि एम ११० हे दोन पुंजके मला बटूंच्या बाबतीत पुरतात. एम ३२ लहान दुर्बिणीतून चक्क फुगलेल्या ताऱ्यासारखा दिसतो, एम ११० त्याच्या उलट, विरळ आणि पसरट. नजर थोडी बाजूला धरली तरच दिसतो. एकाच घरात दोन टोकं.)

उत्तररात्र:
रास्त हरकत. त्या दोघींबद्दल एक शक्यता अशी की त्या कधीतरी मोठ्या दीर्घिकेजवळून भेलकांडून गेल्या, वायू गमावला, आणि लंबुळक्या कक्षेवरून लांब फेकल्या गेल्या. आज एकट्या दिसतात म्हणजे कायम एकट्याच होत्या असं नाही. पण 'शेजार' ऐवजी 'आजवरचा प्रवास' म्हणायला हवं होतं, हे कबूल.

एम ३२ तर फारच गमतीशीर साक्षीदार आहे. डिसूझा आणि बेल यांनी २०१८ मध्ये मांडलं की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी देवयानीने एक चांगली धष्टपुष्ट दीर्घिका गिळली. आकाशगंगा आणि देवयानी यांच्या खालोखाल स्थानिक समूहात तिचाच नंबर असावा, आणि एम ३२ म्हणजे तिचा उरलेला गाभा. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पण खरं असेल तर तुम्ही दुर्बिणीतून बघता तो 'फुगलेला तारा' म्हणजे एका गेलेल्या दीर्घिकेची आठळी आहे.

रेडिओकान:
इथे रेडिओवाल्यांची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लॉगिन झाले.

सप्तर्षीतली एम ८१ आणि एम ८२ ही जोडी सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. एम ८१ अगदी शांत, देखणं चक्र. त्याच भागाचा २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हायड्रोजनचा नकाशा १९९४ मध्ये आला, आणि शांतता संपली. एम ८१, एम ८२ आणि एनजीसी ३०७७ या तिघींना जोडणारे वायूचे पूल, ओढलेल्या शेपट्या, लोंबणारे दोरे. दृश्य प्रकाशात तीन वेगळ्या दीर्घिका, रेडिओत एकच गुंता. तेव्हा साक्ष बटूंची धरा किंवा नका धरू, वायूची आधी धरा. ताऱ्यांआधी वायू हलतो.

आणि बटू म्हणजे जुनी, मूळची, असं गृहीत धरू नका. एम ८१ च्या शेजारी होल्मबर्ग-९ नावाची बटू आहे. तिच्यातले बहुतेक तारे वीस कोटी वर्षांपेक्षा तरुण. ती या ओढाताणीत उपसल्या गेलेल्या वायूतूनच जन्मली असावी असं मानतात. म्हणजे हिला साक्षीदार म्हणायचं की अपघाताचा ढिगारा?

उत्तररात्र:
ढिगाराही साक्षच देतो की! पण मान्य, मी फक्त कोरड्या म्हाताऱ्यांचा विचार करत होतो.

खुसपटकाका:
सगळे कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाच्या ओढीवरून कळणारं द्रव्य) गृहीत धरून चाललेत, म्हणून मी खडा टाकतो.

१९९९ मध्ये संगणकावर आकाशगंगेसारखी दीर्घिका वाढवून बघितली तर तिच्याभोवती लहान कृष्णद्रव्याचे गोळे शेकड्यांनी निघाले. प्रत्यक्षात तेव्हा माहीत असलेले उपग्रह, म्हणजे तिच्याभोवती फिरणाऱ्या बटू, डझनभर. मग म्हणाले, बाकीच्यांत तारेच पेटले नाहीत. बरं. पुढे २०११ मध्ये लक्षात आलं की गणितातले सगळ्यात जड गोळे तर प्रत्यक्षात सापडतच नाहीत, आणि ते तारे न पेटण्याइतके लहानही नाहीत. मग म्हणाले, आकाशगंगेचं वस्तुमान कमी धरा, स्फोटांनी गाभा ढिला झाला असं धरा. शिवाय आकाशगंगेचे उपग्रह एका सपाट पट्ट्यात फिरतात, देवयानीच्या २७ पैकी १५ एका पातळ चकतीत (२०१३), सेंटॉरस-ए भोवती १६ पैकी १४ एकाच दिशेने फिरताना (२०१८). गोलाकार आवरणात असं का व्हावं?

आणि क्रेटर-२. २०१६ मध्ये सापडली. मिलग्रोमच्या १९८३ च्या सुधारित गतिनियमाने (यात कृष्णद्रव्य लागतच नाही) आधीच सांगितलं की तिच्यातल्या ताऱ्यांच्या वेगांचा पसारा सेकंदाला २.१ किलोमीटर असेल. मोजला तर २.७. नेहमीच्या हिशेबाने याहून बराच जास्त अपेक्षित होता. एवढं बोलून मी गप्प बसतो.

शून्यमास्तर:
काका, तुम्ही गप्प बसता हे आजवर कुणी पाहिलेलं नाही.

क्रेटर-२ चं भाकीत खरंच चांगलं होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण गाइयाने तिची कक्षा दाखवली तेव्हा ती आकाशगंगेच्या बरीच जवळून जाऊन येते असं निघालं. असं असेल तर बाहेरचं कृष्णद्रव्य खरवडलं गेलं असणार आणि वेग मंदावणारच. दोन्ही स्पष्टीकरणं उभी आहेत.

हरवलेल्या उपग्रहांचा प्रश्न मात्र १९९९ एवढा टोकदार राहिलेला नाही. दोन गोष्टी झाल्या. एक, २००५ पासून स्लोन या आकाश-सर्वेक्षणात अतिमंद, म्हणजे फार फिक्या, बटू रांगेने सापडू लागल्या. सेग्यू-१ चा एकूण प्रकाश तीनेकशे सूर्यांएवढा, आणि वस्तुमान त्या प्रकाशाच्या मानाने हजारो पट. एखादा तेजस्वी तारा एकटा त्या अख्ख्या दीर्घिकेला झाकेल. दुसरं, त्या 'तारे पेटले नाहीत' ला आता आधार आहे. विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत अतिनील प्रकाशाने सगळीकडचा वायू दहा हजार अंशांपर्यंत तापवला. लहान गोळ्यांना तो तापलेला वायू धरता येईना, तारे बनणं थांबलं. हबलने या अतिमंद बटूंमधले तारे तपासले तर जवळजवळ सगळे बारा अब्ज वर्षांपलीकडचे. सगळ्यांचे दिवे एकाच काळात मालवलेले.

पट्ट्यांचं कोडं सुटलेलं नाही, हे खरं. आकाशगंगेचा पट्टा तात्पुरता जुळून आलेला योगायोग आहे, पुढे तो विस्कटेल, असं दाखवणारं कामही आहे. सेंटॉरस-ए बद्दल तेच म्हणणं मला जड जातं.

नवखी:
तीनशे सूर्य म्हणजे तारकागुच्छच झाला ना? त्याला दीर्घिका कशाला म्हणायचं?

उत्तररात्र:
वर्षानुवर्षं याच्यावरच भांडणं आहेत. कामचलाऊ व्याख्या अशी की फक्त ताऱ्यांच्या आणि वायूच्या गुरुत्वाने हिशेब लागत नसेल तर दीर्घिका. ताऱ्यांचे वेग जास्त असतील, किंवा ताऱ्यांमधल्या लोहाच्या प्रमाणात बराच फरक असेल (म्हणजे स्फोटांनंतरही वायू राहिला आणि पुढची पिढी त्यातून झाली), तर दीर्घिका. २०२३ च्या शेवटी जाहीर झालेली उर्सा मेजर-३ तर सगळी मिळून सूर्याच्या १६ पट वस्तुमानाची. दिसणारे तारे साठेक. तिला गुच्छ म्हणायचं की दीर्घिका, अजून वाद चालू आहे.

दुर्बीणवाला:
सोळा सूर्यांची दीर्घिका. बरं झालं निवृत्त झालो.

शून्यमास्तर:
मूळ विषय समूहाच्या उत्क्रांतीचा आहे, तिकडे कुणी वळलंच नाही. थोडं लांबेल.

समूह आणि मोठे दीर्घिकागुच्छ यांत महत्त्वाचा फरक वेगाचा. कन्या राशीतल्यासारख्या गुच्छात दीर्घिका एकमेकींजवळून सेकंदाला हजारेक किलोमीटरने जातात. धडकल्या तरी आरपार. समूहात हेच वेग शेदोनशेच्या घरात, म्हणजे रेंगाळायला वेळ मिळतो. म्हणून विलीन होणं मुख्यतः समूहांतच चालतं.

आता चंद्रशेखर. १९४३ मध्ये त्यांनी ताऱ्यांसाठी हिशेब केला. जड वस्तू हलक्या कणांच्या गर्दीतून निघाली की तिच्या ओढीने कण तिच्या मागे गोळा होतात. हा मागचा ढिगारा तिला मागे खेचतो. वस्तू जितकी जड, तितका ढिगारा मोठा, आणि तितकी ती लवकर मंदावते. दुप्पट जड दीर्घिका साधारण निम्म्या वेळात मध्यभागी बुडते. याचा परिणाम बघा: समूहात मोठ्या आधी संपतात. बटू इतक्या हलक्या की त्यांना हे घर्षण फारसं लागत नाही, त्या फिरतच राहतात.

अब्जावधी वर्षांनी चित्र काय उरतं? मधोमध एकच प्रचंड लंबगोल दीर्घिका, भोवती क्ष-किरण देणारा तापलेला वायू, आणि बटू. मधल्या आकाराचं कुणी नाही. अशा समूहाला जीवाश्म समूह म्हणतात. पहिला १९९४ मध्ये ओळखला गेला. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या दीर्घिकेत किमान दोन प्रतींचा, म्हणजे प्रकाशात सहा पटींहून जास्त फरक, ही त्याची खूण.

याच्या आदल्या अंकातलं दृश्य बघायचं असेल तर स्टीफनचं पंचक. १८७७ मध्ये सापडलं, २०२२ च्या जुलैत जेम्स वेबच्या पहिल्या चित्रांत आलं. पाचांतली एक, एनजीसी ७३२०, उपरी आहे, सुमारे चार कोटी प्रकाशवर्षांवर. बाकीच्या चौघी एकोणतीस कोटींच्या आसपास, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून.

तेव्हा उत्तररात्र यांचं म्हणणं मी असं दुरुस्त करेन: बटू चांगल्या साक्षीदार आहेत कारण त्या मागे उरतात. पण सगळ्याच उरत नाहीत. ज्या थेट आत शिरतात त्या फाटतात.

उत्तररात्र:
फाटणारीचं उदाहरण दाराशीच आहे. धनु बटू दीर्घिका १९९४ मध्ये सापडली, आकाशगंगेच्या केंद्रापलीकडे. इतकी जवळ असून इतक्या उशिरा, कारण मध्ये आपल्याच ताऱ्यांची आणि धुळीची भिंत. तिच्या ताऱ्यांची पट्टी आख्ख्या आकाशाला वेढा घालून आहे. तिच्या गाभ्याशी असलेला एम ५४ हा गुच्छ मेसिएने १७७८ मध्येच नोंदवला होता. आपण दोनशे वर्षं त्याला आपलाच समजत होतो.

आणि मॅगेलनचा मोठा मेघ. आधी समज होता की तो आपल्याभोवती कितीतरी फेऱ्या मारून झालाय. २००७ च्या सुमारास हबलने त्याचा वेग मोजला तर तो जास्त निघाला. बहुधा पहिल्यांदाच येतोय. मग तो हायड्रोजन राखून कसा, याचंही उत्तर मिळतं: अजून उडवायला वेळच मिळालेला नाही. तो एकटाही आलेला नाही. २०१५ पासून दक्षिण आकाशात बऱ्याच अतिमंद बटू सापडल्या, त्या मेघांच्या अवतीभवती दाटलेल्या. होरोलॉजियम-१, हायड्रस-१, करिना-२ आणि ३ या त्याच्याबरोबर आल्या असं त्यांच्या वेगांवरून दिसतं. म्हणजे समूहात एक छोटा समूह दाखल होतोय.

रेडिओकान:
यावर जोड. मोठ्या मेघाचं वस्तुमान आता आकाशगंगेच्या दहा-वीस टक्के धरतात. २०२५ मध्ये आलेल्या एका कामात देवयानी-आकाशगंगा टक्कर पुन्हा तपासली. आधी ती अटळ समजत. आता पुढच्या दहा अब्ज वर्षांत होण्याची शक्यता निम्मीच. गंमत अशी की एम ३३ हिशेबात घेतली तर टक्करीची शक्यता वाढते, मोठा मेघ घेतला तर कमी होते. त्याची ओढ आपल्याला बाजूला सरकवते. दोन धाकट्या दोन बाजूंनी खेचतायत.

अवांतर: बटूंच्या वायूवर जीएमआरटी या पुण्याजवळच्या रेडिओ दुर्बिणीने बरंच काम केलंय. एनजीसी ३७४१ ही बटू २००५ मध्ये त्या दुर्बिणीने पाहिली तर हायड्रोजनची तबकडी दिसणाऱ्या दीर्घिकेच्या आठ पटींहून लांब पसरलेली निघाली. एकट्या राहणाऱ्या बटू अशाच असतात. कुणी त्रास दिलेला नाही.

खुसपटकाका:
आणि त्या तबकडीची फिरण्याची गती शेवटपर्यंत कमी होत नाही, हेही सांगा.

रेडिओकान:
सांगितलं असतं, पण तुमच्यासाठी ठेवलं.

नवखी:
उत्तररात्रदादा, तुमचा खेळ मी फॉरनॅक्सवर करून बघितला. त्रिज्या एक अंश घेतली. आधी सगळीकडे नुसता भुसा दिसला. मग पॅरलॅक्स (पृथ्वी फिरताना ताऱ्याचं भासमान सरकणं; तारा लांब तितकं ते कमी) शून्याजवळ असलेले तेवढे ठेवले आणि गाठ आली! आता गाठीतले तेवढेच तारे आकाशाच्या नकाशावर मांडले तर लांबट डाग दिसतोय. त्याच्या वरच्या बाजूला फोटोत एक छोटा गोल पुंजका आहे, तो काय?

उत्तररात्र:
शाब्बास! तो एनजीसी १०४९, फॉरनॅक्सचा स्वतःचा तारकागुच्छ. जॉन हर्शेलने १८३५ मध्ये पाहिला. भोवतीची दीर्घिका सापडायला पुढे शंभर वर्षं गेली.

मास्तरांच्या घर्षणाचा एक पेच याच गुच्छांत आहे. फॉरनॅक्समध्ये असे पाच जुने गुच्छ सर्वमान्य आहेत. हिशेबाप्रमाणे ते एव्हाना बुडून गाभ्याशी एक व्हायला हवे होते. १९७६ पासून हा प्रश्न विचारला जातोय.

शून्यमास्तर:
बुडाले नाहीत, कारण बहुधा तिच्या गाभ्यात कृष्णद्रव्य टोकदार रचलेलं नसून सपाट पसरलेलं आहे. तशा गाभ्यात घर्षण जवळजवळ थांबतं. काका, तुमची पाळी.

खुसपटकाका:
उद्या. आज आकाश स्वच्छ आहे.

नवखी:
बाकीचे चार गुच्छ कुठे शोधू? फोटोत मला अजून दोनच सापडलेत.